लेसर मारून घ्यायचाय, पण कुठला?



ऊस तुटून गेला, बिलाचा पहिला हप्ता खात्यावर पडला की आपल्याकडे तीन कामं निघतात : घराची डागडुजी, पोरांची लग्नं आणि अंगावर काढलेली दुखणी. डोळ्याचं दुखणं या तिसऱ्या खात्यात, आणि तेही सगळ्यात शेवटी. गेल्या हंगामानंतर एकाच आठवड्यात कोडोलीचे दोघेजण आमच्याकडे येऊन गेले. एक सत्तरी ओलांडलेले आबा, दुसरा भरतीसाठी रोज पहाटे पळणारा एकवीस वर्षांचा पोरगा. दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द एकच : "लेसर मारून घ्यायचाय." आबांना मोतीबिंदू, पोराला उणे साडेतीनचा चष्मा. शब्द एक असला तरी दोघांची दुखणी वेगळी आणि त्यांवरची यंत्रंही वेगळी. हा घोळ गावोगाव आहे, म्हणून या अंकात त्याची जरा फोड करीत आहोत.

आबांचं आधी. त्यांना गावातल्या कुणीतरी सांगितलेलं, की आता चाकू लागत नाही, लेसरनं मोतीबिंदू जागच्या जागी जळून जातो. "तसला डाक्टर गावला की करतो की," असं म्हणत तीन वर्षं काढली. आता अंगणातनं जोतिबाचा डोंगर दिसायचा बंद झाला, नातवंडं आवाजावरनं ओळखायची पाळी आली.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. ते भिंग बाहेर काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणं, याला आजही दुसरा इलाज नाही. असं भिंग लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिल्यांदा बसवलं. ज्याला सरसकट 'लेसर' म्हटलं जातं ते बहुतेक वेळा फेको यंत्र असतं. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी ते १९६७ साली आणलं. त्यात प्रकाश नसतो, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. त्यांनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेतात. अलीकडे काही ठिकाणी छेद घ्यायला आणि भिंगाचे तुकडे करायला खरोखरीचा लेसर वापरतात, खर्चही वाढतो. पण पुढं भिंग ओढून काढावंच लागतं. आत जळून काही जात नाही.

मग ही आवई उठली कुठनं? आमचा तर्क असा. मोतीबिंदू काढताना भिंगामागची पातळ पिशवी आत तशीच ठेवतात, नवं भिंग तिच्यातच बसतं. काही जणांच्या त्या पिशवीवर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा पांढुरका पडदा धरतो. त्याला याग नावाच्या लेसरनं मधोमध खिडकी पाडतात. काम काही मिनिटांचं. सुई नाही, टाका नाही, पट्टी नाही. माणूस सकाळी जातो, दुपारी परत येतो आणि पारावर सांगतो, "लेसरनं माझा मोतीबिंदू गेला." तो खोटं बोलत नाही, फक्त आधीची शस्त्रक्रिया सांगायची विसरतो! ऐकणारा मात्र वाट बघत बसतो. तोवर मोतीबिंदू जास्त पिकतो, कठीण होतो, शस्त्रक्रिया अवघड होते. फुगला तर डोळ्याचा दाब वाढून होती ती नजरही जाते. आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यातून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तेव्हा बिलाच्या हप्त्यासाठीसुद्धा थांबायचं कारण नाही.

प्रकाशानं डोळा दुरुस्त करायची कल्पना मात्र जुनी आहे आणि ती निघाली ग्रहणातून. जुन्या मंडळींना १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण आठवत असेल. अंकोला, हुबळी या बाजूला ते खग्रास होतं, आपल्याकडंही दिवसा सांजावल्यासारखं झालेलं. उघड्या डोळ्यांनी ग्रहण बघू नका, असं सांगतात ते उगीच नाही. डोळ्यातलंच भिंग ऊन एकवटून मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, डाग देतं. १९४५ च्या ग्रहणानंतर असे डाग पडलेले रोगी जर्मनीत डॉ. मेयर-श्विकेराथ यांनी पाहिले आणि त्यांच्या मनात उलटा विचार आला : हाच डाग हवा तिथं आणि हवा तेवढाच दिला, तर फाटलेलं दृष्टिपटल चिकटवता येईल. त्यांनी आरशांनी खरोखर ऊन डोळ्यात घेऊन हे केलं. ढग आले की काम बंद! पुढं झेनॉनचा दिवा आला, १९६० साली पहिला लेसर तयार झाला आणि मग या कामाला ढगांची भीती उरली नाही.

हा मागच्या पडद्याचा लेसर आपल्या भागात जास्त कामाचा आहे, कारण मधुमेह. साखर पिकवणाऱ्यांच्या घरात साखरेचा आजार, हा विनोद आता जुना झाला. पण मधुमेहानं दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, हे अजून अनेकांना ठाऊक नाही. तिथं लेसरनं डाग देतात. त्यानं गेलेली नजर सहसा परत येत नाही, उरलेली राखली जाते. "लेसर केला तरी दिसना झालंय" ही तक्रार आम्ही ऐकली आहे. तो बहुधा उशिरा गेल्याचा परिणाम असतो. मधुमेह असेल त्यानं, नीट दिसत असलं तरी, वर्षातून एकदा थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्यावा.

आता पोराचा लेसर. हा चष्म्याचा नंबर घालवणारा. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक काच असते, तिला पारपटल म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन. तिचा उंचवटा नजरेच्या मानानं जास्त झाला की लांबचं धूसर दिसतं. रान सपाट करायला लेझर लेव्हलर लावतो, तेव्हा उंच जागची माती किती उतरवायची ते किरण सांगतो आणि उतरवायचं काम फाळ करतो. इथं किरण स्वतःच फाळ होतो. एका झटक्यात मायक्रॉनचा साधारण पाव भाग उतरतो. एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. म्हणजे या पोराच्या साडेतीनला पन्नासच्या आसपास. उतरवलेलं पुन्हा भरून येत नाही.

या किरणाचा गुण ज्यांनी ओळखला त्यांत आपला एक माणूस आहे. मद्रासला शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरच्या मेजवानीतला उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडला. हा किरण अतिनील, डोळ्याला न दिसणारा. साध्या हिरव्या लेसरनं मांस करपलं होतं. यानं कडेला जरासुद्धा भाजलं नाही, पाटीवर रेघ ओढावी तसा स्वच्छ काप निघाला. जेम्स वाईन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ डॉ. स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ साली श्रीनिवासन यांच्यासोबत हा किरण डोळ्याच्या कामी आणायचं सुचवलं. तिघा संशोधकांना २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं. आता या शस्त्रक्रियेचे दोन-तीन प्रकार आहेत. कुठं वरचा थर खरवडून, कुठं पापुद्रा उचलून, कुठं आतून चकती काढून. नाव काहीही असो, हिशेब जाडीचाच.

म्हणून आधी मोजणी. अठरा पूर्ण हवीत, वर्षभर नंबर हललेला नसावा, पारपटल पुरेसं जाड असावं आणि त्याचा नकाशा काढलेला असावा. काही जणांना नंतर डोळे कोरडे वाटतात, रात्री दिव्याभोवती वलय दिसतं. चाळिशी लागायची ती लागतेच. ती आतल्या भिंगाची गोष्ट आहे. शस्त्रक्रियेआधीचे कागद मात्र जन्मभर जपावेत. पुढं मोतीबिंदू झाला तर नव्या भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. भरतीसाठी करणाऱ्यांनी त्या त्या भरतीची जाहिरात आधी वाचावी. नियम एकसारखे नसतात आणि नंतर हळहळून उपयोग नाही.

आमचा पोरगा शहरात एका ठिकाणी गेला होता, तिथं पैसे भरायची तारीखसुद्धा ठरली. आम्ही म्हटलं, "बाळा, नकाशा काढला काय?" काढला नव्हता. दुसरीकडं काढला, तर पारपटल मधे पातळ होऊन शंकूसारखं पुढं येत होतं. याला केरॅटोकोनस म्हणतात. ॲलर्जीनं डोळे खाजत राहणाऱ्या, सारखे चोळणाऱ्या पोरांत हा जास्त दिसतो. अशा डोळ्यावर नंबराचा लेसर म्हणजे आधीच पातळ झालेल्या बांधाची माती काढणं. त्याला इलाज वेगळाच केला : ब२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर अतिनील प्रकाश धरतात, त्यानं पारपटलाचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. जर्मनीत ड्रेस्डेनला ही रीत निघाली, रोग्यांवरचे पहिले निष्कर्ष २००३ साली छापून आले. यानं नंबर जात नाही, फुगवटा थांबतो.

पारपटलाचा विषय निघालाच आहे तर उसाच्या पाल्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाला डोळ्याला लागतो, ओरखडा उठतो, त्यातून बुरशी आत शिरते आणि चार दिवसांत पांढरा ठिपका दिसतो. आपण दुकानातून मागून आणलेले थेंब घालतो. त्यात स्टिरॉइड असलं तर बुरशीला खतपाणीच. पुढं फूल पडतं. वरवरचं फूल एक्सायमर लेसरनं थोडं घासता येतं, खोल गेलं तर कुणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानाची वाट बघावी लागते. पाला लागला आणि दुसऱ्या दिवशीही डोळा लाल राहिला, तर तोडणी सोडून डॉक्टर गाठावा. ऊस एक दिवस थांबतो.

पोराला आता पळायचं काय करावं कळेना झालंय. चष्मा आहे तसाच आहे, दर सहा महिन्यांनी नकाशा काढायचाय. आबांनी मात्र पाडव्याआधी एक डोळा करून घेतला. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या सकाळी अंगणात उभे होते. आम्ही विचारलं, "आबा, डोंगर दिसतोय काय?" म्हणाले, "डोंगराचं राहू दे. ह्या भिंतीचा रंग कवापासनं उडालाय, कुणी बोललं नाही ते मला."