पिल्लाची आई कोण?

अंड्यातून बाहेर आलेलं हंसाचं पिल्लू आपली आई कशी ओळखतं? खरं सांगायचं तर ते ओळखतच नाही! जन्मल्यावर पहिल्या काही तासांत समोर जे हलतं आणि आवाज देतं, त्यालाच ते आई मानतं. मग त्याच्या मागे मागे चालू लागतं. हा ठसा एकदा उमटला की सहसा पुसला जात नाही.

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या कोनराड लोरेन्त्स या शास्त्रज्ञाने रानहंसाची अंडी घरीच उबवली. एक पिल्लू बाहेर आलं आणि टकामका त्यांच्याकडे बघू लागलं. त्यांनी ते पाळीव हंसिणीच्या पोटाखाली सरकवलं, तर ते रडत-ओरडत पुन्हा यांच्याचकडे! शेवटी त्यांनी ते सांभाळायला घेतलं, नाव ठेवलं मार्टिना. रात्रभर ती मधूनमधून ‘आहेस ना?’ अशा सुरात हाक मारायची आणि लोरेन्त्स झोपेतच हंसांच्या भाषेत ‘आहे गं’ म्हणायचे. तान्हं बाळ सांभाळलेल्या बाईला ही रात्र काय वेगळी सांगायची? १९७३ साली लोरेन्त्सना आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

पण आई झालं की पुढचं सगळंच आलं. रानहंसाची पिल्लं दूरच्या प्रवासाची वाट आईबापांबरोबर उडूनच शिकतात. आपल्याकडे उजनी, जायकवाडीला हिवाळ्यात येणाऱ्या पट्टेरी डोक्याच्या हंसांचंही तेच. मग माणसाने वाढवलेल्या पिल्लांना वाट कोण दाखवणार? कॅनडाचे शिल्पकार बिल लिशमन १९९३ मध्ये छोट्याशा विमानात बसले आणि १८ हंसांना मागे घेऊन थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत गेले!

पुढे अमेरिकेत दुर्मिळ व्हूपिंग क्रौंचांसाठी हीच युक्ती वापरली, पण तिथली माणसं पिल्लांसमोर पांढरा झगा घालून, तोंडातून शब्द न काढता वावरत. घास भरवायचा तोही क्रौंचाच्या डोक्याच्या बाहुलीने. कारण माणसाला आई मानलेला पक्षी माणसाला भीत नाही, आणि रानात ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. माया करायची, पण तोंड दाखवायचं नाही. केवढा संयम हा!

आमच्या महिला मंडळात ही माहिती सांगितली की एखादी हळूच विचारतेच, ‘‘ताई, माझं बाळ जन्मल्यावर आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. त्याची माया कमी पडेल का हो?’’ दत्तक मुलीच्या आईच्या मनातही हीच धास्ती असते.

मैत्रिणींनो, माणसाचं बाळ म्हणजे हंसाचं पिल्लू नव्हे. लोरेन्त्सच्या कामातून प्रेरणा घेऊन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलांच्या मायेचा अभ्यास केला. ही माया काही तासांत ठरत नाही, पहिल्या वर्षात ती हळूहळू रुजते. रडल्यावर धावून येणारं, रोज कुशीत घेणारं माणूस बाळाला आपलं वाटतं. मग ती जन्मदाती असो, दत्तक घेणारी असो, आजी असो नाहीतर बाबा. एकाच वेळी दोघा-तिघांचाही लळा लागतो.

तेव्हा कुणी ‘पोटचं ते पोटचंच’ म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका. पिल्लाला पहिली नजर पुरते, बाळाला मात्र रोजची कूस लागते. ती आपल्या हातात आहे.