मैदान मारुती मंदिरला, करंडक गहुंजेला

रत्नागिरीत मारुती मंदिरला उतरलं की छत्रपती शिवाजी महाराज स्टेडियम हाकेच्या अंतरावर. दिवाळी सरते, भातझोडणी उरकते आणि क्रिकेटचा मोसम सुरू होतो, तो पार मे अखेरपर्यंत. चेंडू बहुतेक वेळा टेनिसचाच. रात्रीच्या सामन्यात माइकवरचा समालोचक खेळाडूला नावापेक्षा वाडीवरून जास्त ओळखतो. षटकार बसला की गर्दीतून शंभराची नोट टेबलावर येते. मग षटकार राहतो बाजूला आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव, गाव, मुंबईतला मुक्काम असं सगळं साग्रसंगीत पुकारलं जातं. शहराबाहेर कातळाच्या सड्यावर आणि कापणी झालेल्या मळ्यांतही हाच खेळ चालतो. शिमग्याला नि मे महिन्यात चाकरमानी आले की संघांना माणसं कमी पडत नाहीत.

या गावाच्या नावाचा एक व्यावसायिक क्लबही आहे, रत्नागिरी जेट्स. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, तेव्हा सहा संघांत कोकणचा हा एकटाच. मालकी पुण्याच्या जेटसिंथेसिस या डिजिटल मनोरंजन कंपनीची. जेट्स हे नाव तिथूनच आलं, रत्नागिरीच्या विमानतळाचा त्यात काही हात नाही.

पहिल्याच मोसमात अझीम काझीच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत पोचला. समोर केदार जाधवचे कोल्हापूर टस्कर्स. पावसाने तो सामना पुरा होऊ दिला नाही आणि साखळीत वरच्या स्थानावर असल्याने जेट्स विजेते ठरले. कोकणच्या संघाला पावसाने करंडक मिळवून द्यावा, आणि तोही घाटावर! ‘फुकटचा करंडक’ म्हणणाऱ्यांची तोंडं २०२४ मध्ये बंद झाली. त्या वर्षी नाशिक टायटन्सला हरवून जेट्सनी विजेतेपद राखलं. पुढे महिलांच्या स्पर्धेत स्मृती मानधनाने जेट्सचं नेतृत्व केलं.

एवढं सगळं झालं, पण ते गहुंजेला. पुण्याजवळचं हे स्टेडियम रत्नागिरीपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री. खेळाडू लिलावातून येतात, त्यामुळे संघात रत्नागिरीचं कोण, हा प्रश्न इथे चहाच्या टपरीवर निघतोच. सावंतवाडीचा निखिल नाईक जेट्सकडून खेळला. पंजाब आणि कोलकात्याकडून आयपीएल खेळलेला हा यष्टिरक्षक निदान कोकणातला, यावर समाधान मानावं लागतं. आयोजकांनाही सगळा दोष देता येत नाही. लीग जूनमध्ये भरते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत तेव्हा खेळपट्टीवर बेडूक असतात.

पण छोट्या गावाचा क्लब गावातच खेळू शकतो, हे बाल्टिक किनाऱ्यावर दिसतं. लाटव्हियातलं लिएपाया हे रत्नागिरीसारखंच बंदराचं गाव, लोकसंख्याही तिच्याच आसपासची. तिथला आइस हॉकी क्लब देशाच्या लीगमध्ये खेळतो. लिएपायाचं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणजे खेळायला बर्फ हवा तर तो यंत्राने, छपराखाली करावा लागतो. तो करतात, आणि घरचे सामने घरीच होतात. तिकीट काढणाऱ्याला आपला गोलरक्षक बाजारातही भेटू शकतो.

रत्नागिरीला बंदिस्त हॉलचीसुद्धा गरज नाही. नोव्हेंबर ते मे आभाळ कोरडं असतं. लीगचे सामने गहुंजेलाच राहू देत, पण जेट्सनी हिवाळ्यात इथे एक शिबिर घ्यावं, जिल्ह्यातल्या टेनिस बॉलवाल्या पोरांची लेदर बॉलवर चाचणी घ्यावी आणि एखादा प्रदर्शनी सामना खेळावा. दोन करंडक घेतलेल्या क्लबाला हे जड नाही. गावाचं नाव वापरायचं तर एवढं देणं लागतंच.

क्रिकेट पाहायला येणार असाल तर जानेवारीनंतर या. रेल्वे स्टेशन कुवारबावला आहे. तिथून शहरात येणारी रिक्षा मारुती मंदिरावरूनच जाते. सामना रात्री उशिरापर्यंत चालतो, तेव्हा परतीच्या रिक्षाचं आधीच ठरवून ठेवा.