ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय : विश्वासाची ठेव

वैद्यकशास्त्रात औषधाइतकेच मोल विश्वासाला असते. भायखळ्याचे ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याची साक्ष देते. १८४५ साली स्थापन झालेल्या या संस्थेला गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव देण्यात आले. संलग्न रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाय यांनी उदार देणगी दिली. डॉ. भाऊ दाजी लाड हे येथील पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होत.

येथील संशोधनाची परंपराही जुनी आहे. प्राध्यापक हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी पाय विद्रूप करणाऱ्या ‘मदुरा फूट’ या व्याधीचा बुरशीशी असलेला संबंध दाखवून १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. हजारो लोक शहर सोडून जात असताना जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत, मोजक्या मदतनिसांसह काम आरंभले. वर तूप तरंगणाऱ्या पोषक रसात जंतू वाढवून व ते उष्णतेने मारून त्यांनी लस सिद्ध केली. पण लोकांनी ती कोणत्या भरवशावर टोचून घ्यावी? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला व उतरला. त्यानंतरच भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

पुढे ही प्रयोगशाळा परळला हलली व १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्याला जोखीम घ्यावयास सांगण्यापूर्वी ती स्वतः पत्करावी, हीच या वास्तूने जपलेली मोलाची ठेव होय.