आडवा शब्द, उभं भांडण

मंडळी, ऑफिसात कडकडून भांडायचंय, पण एचआरपर्यंत प्रकरण जायला नको? सोपा फंडा आहे. लंच अवरला डब्यांच्या मधोमध मराठी पेपरातलं शब्दकोडं पसरा आणि एक क्लू मोठ्यानं वाचा : 'चंद्र, दोन अक्षरी.'

एक जण म्हणेल शशी. दुसरी म्हणेल इंदू. तिसऱ्याला सोम आठवेल. अकाउंट्समधले काका चष्मा वर सरकवून 'विधू' म्हणतील. चौघंही बरोबर! खरा सामना इथून पुढे.

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एकच लेटर. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरसुद्धा. त्यामुळे बरेचसे शब्द दोन-तीन-चार घरांतच संपतात आणि उभ्या शब्दाची मदत मिळाली तरी एखाद्या घरापुरती. 'कमळ, तीन अक्षरी' हेच बघा. शेवटचं अक्षर 'ज' मिळालं म्हणून टाळ्या वाजवू नका. पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज... सगळ्यांच्या शेपटीला ज!

इथं कोडी सोडवणाऱ्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, 'बसतंय ना? लिहून टाक.' दुसरा विचारतो, 'बसतंय, पण हेच कशावरून?' आपलं मत दुसऱ्या पंथाला, राव. 'चिखलातून वर आलेलं कमळ' म्हटलं की पंकजच, कारण पंक म्हणजे चिखल. 'ससा बाळगणारा चंद्र' म्हटलं की शशीच, कारण शश म्हणजे ससा. तीन शब्द जास्त लिहिले की वाद मिटतो. नुसतं 'कमळ' लिहून मोकळं होणं हा कोडं रचणाऱ्याचा आळस. ब्रिटनमध्ये 'अफ्रिट' या नावानं कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ साली याबाबत एक दंडकच घालून दिला. त्याचा मथितार्थ असा, की वाचकाला चकवा खुशाल, पण क्लूमधल्या शब्दांतून उत्तर न्याय्यपणे निघालंच पाहिजे.

पण दोन उत्तरं मुद्दामच ठेवली तर? ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाचा दिवस. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोड्यात उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी विचारली होती. उत्तराच्या पहिल्या भागात सात घरं. 'क्लिंटन'ची इंग्रजी लेटर्स सात, 'बॉब डोल'चीही सात! जेरेमाया फॅरेल या गणिताच्या प्राध्यापकानं उभे क्लूही दोन्हीकडे लागू पडतील असेच रचले होते. हॅलोविनचा काळा प्राणी कोणता? क्लिंटनचा सी घेतला तर कॅट, बॉबचा बी घेतला तर बॅट. निकाल लागायच्या आधीच पेपरानं विजेता कसा ठरवला, म्हणून संपादक विल शॉर्ट्झ यांना चिडलेल्या वाचकांचे फोन आले. दुसरंही उत्तर बसतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकदम हटके ना? पण इथं दोन उत्तरं मेहनतीनं घडवलेली होती. आपल्या 'चंद्रा'चं तसं नाही.

आता सगळ्यात रक्तरंजित वाद : वेलांटीचा. आडवा शब्द 'कवी', उभा शब्द 'विमान', दोघांचं घर एकच. त्या घरात वी लिहायचा की वि? काकांचं म्हणणं, संस्कृतात 'कवि' ऱ्हस्वच असतो, भरा बिनधास्त. समोरची कॉपीरायटर मुलगी उसळते, 'काका, कोडं मराठी आहे! मराठीत एकटा कवी दीर्घच. कविवर्य म्हणालात तर ऱ्हस्व.' कोपऱ्यातून कुणीतरी 'चालतंय की' म्हणतं आणि दोघंही त्याच्यावर तुटून पडतात. मुलीचं बरोबर आहे. ज्यानं हे दोन शब्द एका घरात कोंबले, त्यानं आडवा शब्द बदलायला हवा होता.

या टेबलावर हुद्दा चालत नाही, हे मात्र झकास. कालच जॉइन झालेली ट्रेनी बॉसला तोंडावर म्हणू शकते, 'सर, नाही पटत. क्लूमध्ये कुठे म्हटलंय तसं?' आणि सरांना शब्दाची फोड करून दाखवावी लागते. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हे करून बघा बरं!

नियम एकच. वाद चालू असताना फोन टेबलावर पालथा. शोधलंत की समानार्थी शब्दांची यादी मिळते, पण त्यातला कुठला आणि का, हे यादी सांगत नाही. छापील उत्तर उद्याच्या अंकात येईल, तेही मुकाट्यानं मान्य करायची सक्ती नाही. काकांचा 'विधू' अजून मैदानात आहे.