आधी बोटं, मग पाना

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, घाटात पिकअप मिळत नाही, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. पेट्रोल गाडीत ही लक्षणं दिसू लागली की सगळ्यात आधी स्पार्क प्लग काढून बघावेत. तीन-चार प्लग, एक पाना आणि सुट्टीची सकाळ एवढ्यावर भागणारं हे काम आहे. तरीही ते घरी करायला लोक बिचकतात, कारण बॉनेट उघडल्यावर प्लग दिसतच नाहीत.

जुन्या गाड्यांत ते समोर असत. वरची रबरी टोपी ओढली, पाना लावला, झालं. आता बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या डोक्यावर एअर फिल्टरचा डबा बसलेला असतो, त्याखाली प्रत्येक प्लगची वेगळी इग्निशन कॉइल, आणि तिच्या खाली नळीसारख्या खोल भोकात प्लग. मारुतीच्या ओम्नी आणि ईकोमध्ये तर इंजिनच पुढच्या सीटखाली आहे. तिथे बॉनेटशी संबंध नाही. सीट उचलायची आणि दारातून वाकून हात घालायचा.

अडचणीच्या जागेत दोन गोष्टी उपयोगी पडतात: नीट जोडणी आणि सवड. जोडणी फार महाग नाही. रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, वाकडं वळणारं युनिव्हर्सल जॉइंट आणि आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी. ही गोटी मुद्दाम घ्यावी, कारण साध्या गोटीतून निसटलेला प्लग खोल भोकातून वर काढताना जीव मेटाकुटीला येतो. गोटीचं माप गाडीप्रमाणे बदलतं: जुन्या जाड प्लगना 21 नंबरची लागते, नव्या बारीक प्लगना बहुधा 16 ची. सवड मात्र विकत मिळत नाही. गॅरेजमध्ये मागे चार गाड्या उभ्या असतात. घरी तुमच्यामागे कोणी नसतं. माझ्या मते घरी प्लग बदलण्याचं खरं कारण पैसे वाचवणं नव्हे, ही निवांत वेळ आहे.

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचं अंग पोलादाचं. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे जायची भीती असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कॉइलच्या कनेक्टरची प्लास्टिकची कुंडी वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ झालेली असते, ती दाबूनच सोडवायची, वायर धरून ओढायची नाही. कॉइल काढली की आधी भोकात हवा मारा, सायकलचा पंपही चालतो. प्लगभोवती साठलेली माती आणि वाळूचे कण प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडतात. भोकात तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं सील गेलंय असं समजा. ते बदलल्याशिवाय नव्या प्लगचा पुरता उपयोग नाही.

एका वेळी एकच प्लग काढा. जुन्या पद्धतीच्या लांब वायरी असतील तर हा नियम अजिबात मोडू नका. वायरींची अदलाबदल झाली की गाडी धड चालूच होत नाही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण इंजिनाची हकिगत त्यांच्या टोकावर लिहिलेली असते. फिकट तपकिरी किंवा करडं टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओलं टोक म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरं पडून फोड आलेलं टोक म्हणजे प्लग गरजेपेक्षा तापतोय. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरचा आहे, इतकं नेमकं निदान इतक्या स्वस्तात दुसरीकडे होत नाही.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्या. 'हीट रेंज', म्हणजे प्लग थंड जातीचा की गरम, हे चुकलं तर गाडी चालते, पण बिघडत जाते. शिवाय एनजीके कंपनीच्या प्लगवरचा हा आकडा वाढला की प्लग थंड जातीचा होतो आणि बॉशचा आकडा वाढला की गरम, त्यामुळे दुकानदाराने अंदाजाने दिलेला 'सेम टू सेम' प्लग नको. फिलर गेज घालून प्लगच्या टोकांमधला गॅप तपासा. इरिडियमच्या प्लगचं टोक मात्र नाजूक असतं, तिथे ठोकाठोक करू नका. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ. त्या वायूत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगची झीज तिथे आधी जाणवते. त्यांच्या मालकांनी कंपनीने सांगितलेला गॅप आणि बदलायची मुदत काटेकोर पाळावी.

आता सगळ्यात नाजूक भाग. प्लग बसवताना पहिले दोन-तीन फेरे रॅचेटने द्यायचे नाहीत. हात पोहोचत नसेल तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा वीतभर तुकडा घट्ट बसवा आणि ती नळी बोटांनी फिरवा. आटे वाकडे धरले गेले तर नळी प्लगवरच घसरते आणि हेड वाचतं. आटे सरळ बसले की प्लग हलकेच खाली जातो. वॉशर टेकेपर्यंत हातानेच, मग पाना. 14 मिलिमीटर आट्यांच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगला त्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर 25 ते 30 न्यूटन-मीटर. 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20 पुरे. जोर लावून आवळणं म्हणजे पक्कं बसवणं हा समज सोडून द्या. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावायची सवयही सोडा: बहुतेक नव्या प्लगवर लेप असतोच, वर ग्रीस लावलं की टॉर्कचा तोच आकडा गाठताना प्लग जास्त आवळला जातो.

जुना प्लग निघताना करकरला किंवा जड गेला तर रेटू नका. पुन्हा थोडा आत फिरवा, आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, थांबा, मग पुन्हा हळूहळू बाहेर आणा. तरीही हलला नाही, तर पाना खाली ठेवा आणि चांगल्या मेकॅनिकला बोलवा. गेलेल्या आट्यांत नवी स्प्रिंग-चुडी बसवता येते, पण त्यासाठी कधीकधी हेड उतरवावं लागतं, आणि त्याचा खर्च सगळ्या प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.