नवा फोन, जुनी प्रणाली!

घरात नवा स्मार्टफोन आला की काय होते ते तुम्ही पाहिले असेल. खोके उघडले, फोन चालू केला, इंटरनेट जोडले, की थोड्याच वेळात पडद्यावर सूचना येते, 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे.' फोन आजच आणलेला, आणि आतली प्रणाली मात्र जुनी! दुकानदाराने फसवले की काय? नाही. फोन कसा तयार होतो ते पाहिले म्हणजे हे कोडे सुटते.

फोनच्या सर्व भागांकडून काम करून घेणाऱ्या मुख्य प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जगातील बहुतेक स्मार्टफोनांत अँड्रॉइड ही प्रणाली असते. तिची पहिली आवृत्ती २००८ साली आली. गूगल कंपनी नव्या आवृत्तीचा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला करते. पण तो जसाच्या तसा प्रत्येक फोनात चालत नाही. का बरे? कारण प्रत्येक फोनची चिप, कॅमेरा, पडदा निरनिराळा असतो. त्या त्या भागाशी प्रणालीची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्राम लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात.

म्हणून आधी क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्या आपले ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळवून घेतात. मग फोनची कंपनी त्यावर आपली मांडणी चढवते. शेवटी चाचण्या. फोन नीट लागतो का? बॅटरी लवकर उतरत नाही ना? यात अनेकदा कित्येक महिने जातात. हे काम सोपे व्हावे म्हणून २०१७ साली, अँड्रॉइड ८ पासून, ड्रायव्हरचा भाग मुख्य प्रणालीपासून वेगळा करण्यात आला.

पण कारखाना कोणासाठी थांबणार? तुमचे पाठ्यपुस्तकच घ्या. जूनमध्ये हाती येणारे पुस्तक त्याआधीच छापून झालेले असते. नंतर चूक सापडली तर शुद्धिपत्र काढावे लागते. फोनला येणारे 'अपडेट' हे असेच शुद्धिपत्र होय. गूगलचा स्वतःचा पिक्सेल ९ हा फोन ऑगस्ट २०२४ मध्ये अँड्रॉइड १४ घेऊन आला. पिक्सेल फोनांसाठी अँड्रॉइड १५ निघाले ते १५ ऑक्टोबरला. म्हणजे ऑगस्टमध्ये खोक्यात भरलेला फोन दिवाळीत उघडला, तर प्रणाली एका आवृत्तीने मागे!

मग हे शुद्धिपत्र लावले नाही तर काय बिघडते? २०१५ साली अँड्रॉइडच्या चित्रफिती हाताळणाऱ्या भागात 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला. मुद्दाम बिघडवलेली एखादी चित्रफीत संदेशातून पाठवून परक्याला फोनात शिरकाव करता येण्याजोगा होता. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्यास सुरुवात केली. दोष जाहीर झाला की तो चोरांनाही कळतो. दुरुस्ती न केलेला फोन म्हणजे कडी न लावलेले दार!

तेव्हा फोन घेताना 'यात कोणती आवृत्ती आहे?' एवढेच विचारू नका. 'अपडेट किती वर्षे मिळणार?' हेही विचारा. २०२४ साली आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचे आश्वासन आहे. पुष्कळ स्वस्त फोनांना याहून कमी.

आता एक प्रयोग करा. घरातल्या मोठ्यांना विचारून त्यांच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा अपडेट'ची तारीख शोधा आणि वहीत टिपून ठेवा. कोणाच्या फोनचे शुद्धिपत्र लावायचे राहिले आहे बरे?