तुकड्यावरून मासा

सकाळी ८.३० : मासळी बाजारातून आणलेले तुकडे फ्रीजरमधून काढते. डोकं नाही, कातडी नाही; विकणाऱ्याने सांगितलं म्हणून सुरमई. आपल्याकडे त्या एका नावाखाली एकाहून जास्त जाती खपतात. प्रत्येक तुकड्याच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढं, साधारण २० मिलिग्रॅम मांस घ्यायचं. दर नमुन्याआधी चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचा, नाहीतर आधीचा मासा पुढच्यात उतरतो. उरलेला तुकडा इथेनॉलच्या बाटलीत जातो, सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पेनची शाई इथेनॉलमध्ये टिकत नाही.

९.१५ : ट्यूबमध्ये बफर आणि प्रोटिनेज के. हे विकर ५६ अंशांवर मांसातली प्रथिनं तोडत बसतं. एका ट्यूबमध्ये मांस नाहीच, बाकी सगळं तेच. ही ब्लँक.

११.३० : मांस विरघळलंय. द्रावण सिलिकाच्या कॉलमवर ओतून सेंट्रिफ्यूज फिरवला की डीएनए सिलिकाला चिकटतो. दोनदा धुतला की घाण खाली, मग थोड्याशा बफरने डीएनए उतरवून घ्यायचा. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की पुढे जायला हरकत नाही.

१२.३० : पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढणं, तेही वेगळ्या खोलीत. माशाच्या मायटोकाँड्रियात सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय जनुकाची साधारण ६५० अक्षरंच आम्हाला हवीत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांच्या ओळखीचा बारकोड म्हणून हाच तुकडा सुचवला. ९४ अंशांवर डीएनएचे धागे सुटतात, ५४ वर प्रायमर, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, बसतात, ७२ वर टॅक विकर नवा धागा विणतं. टॅक मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं, म्हणून उकळीजवळही तग धरतं. ३५ आवर्तनं झाली की कागदावर एका रेणूचे ३४ अब्ज होतात. म्हणूनच चुकून पडलेला परका रेणूही इथे भारी पडतो.

१.३० : यंत्र चालू, डबा उघडा.

४.०० : अगॅरोजचं जेल. पिपेटची टीप खाचेच्या तोंडाशी धरून निळा रंग मिसळलेला नमुना हळूच सोडायचा. हात हलला की नमुना शेजारच्या खाचेत. वीज सुरू केली की डीएनए धन टोकाकडे सरकतो, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. अर्ध्या तासाने निळ्या प्रकाशात, प्रायमर धरून, ७०० अक्षरांच्या आसपास बँड चमकतात. ब्लँकच्या रांगेत काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर सगळी बॅच कचऱ्यात. आज रांग कोरी आहे. नमुने सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचायला, रवाना.

५.१५ : मागच्या बॅचचे निकाल, आलेखाच्या रूपात. आलेखाच्या दोन्ही टोकांना शिखरं एकमेकांत मिसळतात, तेवढी अक्षरं छाटायची. मग उरलेला क्रम जेनबँक आणि बोल्ड या संग्रहांशी ताडून पाहायचा. एमएस्सीची विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, नव्व्याण्णव टक्के जुळलं. लिहू नाव?"

"थांब गं. जुळलेल्या पहिल्या दहा क्रमांत सगळीकडे तेच नाव आहे का, ते आधी बघ."

नसतं पुष्कळदा. जेनबँकेत चुकीच्या नावाने चढवलेले क्रमही आहेत. शिवाय मायटोकाँड्रिया आईकडून येतो. रोहू आणि कटला यांच्या संकराची पिल्लं या तपासणीत सरळ आईच्या जातीची ठरतात. बापाचा पत्ता लागायला पेशीकेंद्रातला डीएनएही वाचावा लागतो.

६.३० : वहीत नोंदी, ट्यूब उणे २० अंशांत, कुलूप.

असा अहवाल कधी तुमच्या हाती आला, तर टक्केवारीवर थांबू नका. ज्या क्रमाशी तुमचा नमुना जुळवला तो क्रम कोणत्या माशाचा, त्या माशाला कोणी ओळखलं आणि तो मासा आज कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हेही विचारा.